एम्बामिंगनंतर काविळीचा चेहरा हिरवा का पडतो, आणि त्यावर काय करता येतं

कोकणातल्या एका मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमीला नव्यानेच लागलेल्या डॉक्टरांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे लिव्हर सिरॉसिसने गेलेल्या पन्नाशीच्या गृहस्थांची बॉडी आली. मुलगी परदेशातून येईपर्यंत तीन दिवस ठेवायची होती, म्हणून एम्बामिंग, म्हणजे धमनीतून औषध सोडून शरीर टिकवणं. कावीळ भरपूर, शेवटच्या रिपोर्टात बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, २३. त्यांनी नेहमीसारखं मांडीतल्या फिमोरल धमनीतून दहा टक्के फॉर्मेलिनचं मिश्रण सोडलं. अंग छान ताठ झालं, वास नाही, गळती नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चादर काढली तर चेहरा हिरवट. घरच्यांनी विचारलं, 'बॉडी खराब व्हायला लागली का?' आणि डॉक्टरांकडे उत्तर नव्हतं. आता त्यांना जाणून घ्यायचंय की हिरवं का झालं, आधी काय वेगळं करायला हवं होतं, आणि नवजात बाळांच्या विभागातला फोटोथेरपीचा निळा दिवा लावला असता तर पिवळेपणा उतरला असता का.

दिव्याचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. नाही उतरणार. तो दिवा बाळाच्या कातडीतल्या बिलिरुबिनचा आकार बदलतो, त्यामुळे ते पाण्यात विरघळण्याजोगं होतं आणि मग पित्तातून, लघवीतून बाहेर पडतं. उजेड फक्त सामान बांधून देतो. वाहून नेणारं रक्त, चालतं लिव्हर आणि किडनी या गोष्टी बाळाकडे असतात, मृतदेहाकडे नसतात. वर दिव्याखाली कातडी सुकते आणि ओठ काळवंडतात. पण प्रश्न विचारलात ते बरं केलंत. मीही तिसऱ्या-चौथ्या वर्षी हाच विचार केला होता, फक्त कुणाला विचारायची हिंमत झाली नाही.

आता हिरव्या रंगाकडे येऊ.

लहानपणी सायकलवरून पडल्यावर गुडघ्याजवळ काळंनिळं झालेलं आठवत असेल. चार दिवसांनी ते हिरवट झालं, मग पिवळं, मग गेलं. रक्तातला लाल रंग मोडताना आधी बिलिव्हर्डिन होतं, ते हिरवं. मग त्याचं बिलिरुबिन होतं, ते पिवळं. जिवंत शरीरात हिरव्याकडून पिवळ्याकडे नेणारं एन्झाइम काम करत असतं. काविळीत हे पिवळं द्रव्य रक्तात साठतं आणि कातडीत, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात जाऊन बसतं. एम्बामिंग केल्यावर आपण ही गाडी उलटी पळवतो. पिवळ्याचं पुन्हा हिरवं होतं.

फॉर्मेलिनने हे होतं असं सगळेच म्हणतात. टेबलावर दिसतंही तसंच. पण 'फॉर्मेलिन बिलिरुबिनचं ऑक्सिडेशन करतं' असं कुणी म्हणालं की माझ्यातली मास्तरीण जागी होते. फॉर्मेलिन म्हणजे पाण्यात विरघळलेलं फॉर्माल्डिहाइड, आणि ते स्वतः क्षपणकारक आहे, ते दुसऱ्याला ऑक्सिजन द्यायच्या भानगडीत पडत नाही. मग हिरवं होतं कसं? यात आम्लाचा हात मोठा आहे. तुमच्या पॅथॉलॉजीच्या लॅबमधल्या तंत्रज्ञाला फूशेची टेस्ट विचारा. लघवीत पित्त आहे का ते बघायला तो काय घालतो? फेरिक क्लोराइड आणि ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. पित्त असलं की हिरवा रंग येतो. गमेलिनच्या जुन्या टेस्टमध्येही नायट्रिक अ‍ॅसिडच्या कडेला हिरवी कडी धरते. बिलिरुबिन, आम्ल आणि थोडं ऑक्सिडेशन जमून आलं की हिरवं. आपण तीन दिवस बॉडी हवेत ठेवतो आणि नसांत आम्लधर्मी फॉर्मेलिन भरतो. तो मोठ्या आकाराचा फूशेच झाला.

'आमचं फॉर्मेलिन कुठे आम्लधर्मी आहे?' असं म्हणू नका. आधी स्टोअररूममध्ये जा. कोपऱ्यात जो पिवळट प्लास्टिकचा कॅन आहे, ज्याच्या तळाला पांढरा गाळ बसलाय आणि ज्याच्यावरची तारीख कुणालाच वाचता येत नाही, त्यातलं चमचाभर घेऊन पीएच पट्टी बुडवा. बहुतेक वेळा तीन-चारच्या आसपास येईल. साठवणीत फॉर्माल्डिहाइडचं थोडं थोडं फॉर्मिक अ‍ॅसिड होत राहतं, आणि तळाचा पांढरा गाळ म्हणजे पॅराफॉर्माल्डिहाइड. पॅथॉलॉजीवाले याचसाठी फॉर्मेलिन बफर करून वापरतात, पूर्वी बाटलीत संगमरवराचे तुकडे टाकून ठेवायचे. आपण अ‍ॅनाटॉमीवाले मात्र कॅन उघडतो आणि ओततो, कारण डिसेक्शनच्या बॉडीचा रंग कोण बघतं?

माझी पहिली हिरवी बॉडी अशीच झाली. वसईकडचे एक वृद्ध गृहस्थ, ख्रिस्ती कुटुंब. स्वादुपिंडाच्या कॅन्सरने पित्तनलिका दबलेली, त्यामुळे अंग हळदीसारखं पिवळं. मुलगा आखातातून येणार होता. तोवर पेटी घरात उघडी ठेवून सगळा गाव दर्शन घेऊन जाणार होता. मी नवी, उत्साही. माझा हिशोब सरळ होता की चार दिवस टिकवायचं तर औषध जोरकस हवं. फॉर्मेलिन पंधरा टक्क्यांवर नेलं आणि तेही त्याच जुन्या कॅनमधलं. दुसऱ्या दिवशी घरच्यांना दाखवायला नेलं तेव्हा त्यांच्या धाकट्या मुलीने वडिलांच्या कपाळावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून फार हळू आवाजात विचारलं, 'मॅडम, काल पिवळे होते ते बरे दिसत होते. असं का केलं?' रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

म्हणून हा सगळा विषय माझ्या लेखी एका वाक्यात मावतो: काविळीच्या बॉडीत चेहरा आणि धड ही दोन वेगळी कामं समजायची. दोघांना एकच औषध एकाच भोकातून दिलंत की कुठेतरी हरणारच. चेहऱ्याला सौम्य, उदासीन पीएचचं औषध हवं. धडाला मात्र जोरकस लागतं, किडनी गेलेली असेल तर नेहमीपेक्षाही जास्त. ते का, हे पुढे येतं.

पण आधी फाइल वाचा. आपल्याकडे एम्बामिंगची विनंती येते ती एका चिठ्ठीवर, 'मृत्यूचे कारण: हृदयक्रिया बंद पडणे'. त्याचा उपयोग शून्य. मला हवं असतं शेवटचं बिलिरुबिन, क्रिएटिनिन, प्लेटलेट्स, हिपॅटायटिस बी आणि सीचे रिपोर्ट, अंगावर सूज होती का आणि पोटात पाणी होतं का. बिलिरुबिन साधारण अडीच-तीनच्या वर गेलं की डोळे पिवळे दिसतात. दहाच्या खाली असेल तर गव्हाळ-सावळ्या कातडीवर फारसा त्रास होत नाही. वीसच्या पुढे असेल तर हिरवं होणार असं धरूनच चाला. सावळ्या माणसात तो स्वच्छ हिरवा दिसत नाही, शेवाळी-राखाडी दिसतो. मला विचाराल तर ते जास्त वाईट, कारण बघणाऱ्याला 'हिरवा' हा शब्दही सुचत नाही, त्याला नुसतं काहीतरी सडल्यासारखं वाटतं.

फाइलमध्ये आणखी एक बघायचं. काविळीने गेलेला प्रत्येक माणूस 'आजाराने' गेलेला नसतो. तरुण मुलगा किंवा मुलगी, चार-पाच दिवसांत लिव्हर निकामी, सोबत घरात काहीतरी भांडण झाल्याची कुजबुज, तर उंदीर मारायच्या पेस्टमधला पिवळा फॉस्फरस डोळ्यासमोर आणा. हे मेडिकोलीगल प्रकरण आहे. पोस्टमॉर्टेम आणि पोलिसांचं ना-हरकत पत्र झाल्याशिवाय सुईसुद्धा टोचू नका. फॉर्मेलिन आणि मेथॅनॉल एकदा नसांत गेलं की रासायनिक तपासणीची वाट लागते. आणि पोस्टमॉर्टेम झालेली बॉडी मिळाली तर तिच्यात सलग रक्ताभिसरण उरलेलं नसतं. मानेच्या दोन, हाताच्या दोन आणि पायाच्या दोन अशा सहा ठिकाणांहून वेगवेगळं द्यावं लागतं. गंमत अशी की काविळीला ते सोयीचंच पडतं, कारण चेहरा आपोआप वेगळा होतो.

पावसाळ्यात आपल्या भागात लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, असतोच. २००५च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईत त्याची जी लाट आली तेव्हा आमच्या टेबलावर कावीळ, बंद पडलेली किडनी आणि अंगभर रक्ताचे ठिपके असं एकत्र बघायला मिळालं. यात काविळीचा रंग नारिंगीकडे झुकतो. ठिपके एम्बामिंगने जात नाहीत, उलट उठून दिसतात. नातेवाइकांना ते आधीच सांगून ठेवावं.

आता ते किडनीचं. लिव्हर गेलं की बऱ्याचदा मागोमाग किडनी जाते. मग रक्तात, ऊतींत युरिया आणि अमोनिया साठतो. फॉर्माल्डिहाइडला अमोनिया फार आवडतो. दोघांचं मिळून हेक्झामीन तयार होतं आणि ते प्रथिनांना धरून ठेवायच्या कामाचं नाही. म्हणजे तुम्ही दिलेल्या औषधातलं बरंचसं वाटेतच खर्च होतं. त्यात सूज असेल तर अंगातल्या पाण्याने ते आणखी पातळ होतं. हाच या केसचा पेच आहे: रंगासाठी फॉर्मेलिन कमी हवं, टिकण्यासाठी जास्त. या दोघांत भांडण लागलं की मी नेहमी टिकण्याच्या बाजूने उभी राहते. हिरव्या चेहऱ्यावर मेकअप करता येतो. सुटलेल्या कातडीवर काही करता येत नाही.

परदेशात 'जाँडिस फ्लुइड' म्हणून तयार बाटली मिळते. फॉर्माल्डिहाइड कमी, बफर केलेलं, सोबत लालसर रंग. आपल्या सरकारी खरेदीत ती यायची वाट बघत बसू नका. त्यातलं तत्त्व समजलं तर तुमच्या विभागातल्या बाटल्यांतून तेच जमतं. कुणी सांगेल की ऑपरेशन थिएटरमधलं ग्लुटाराल्डिहाइड वापरा, त्याने हिरवं होत नाही. मी वापरून पाहिलंय. त्याने ऊती स्वतःच पिवळट-तपकिरी होतात, म्हणजे काविळीवर हळद लावल्यासारखं. थीलच्या पद्धतीने रंग सुंदर राहतो हे खरं, ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या वॉल्टर थील यांनी ती १९९२ साली मांडली. पण त्यात बॉडी महिनोन्‌महिने टाकीत बुडवून ठेवावी लागते. मुलगी परवाच्या विमानाने येतेय.

तर प्रत्यक्ष काम. मी मांडीतून करत नाही, मानेतून करते. कॉलरखाली झाकलं जाईल अशा बेताने गळ्याच्या हाडाच्या जरा वर काप घेऊन दोन्ही बाजूंच्या कॉमन कॅरोटिड धमन्या आणि उजवी इंटर्नल जुग्युलर शीर मोकळी करते. जुग्युलर उघडून आधी रक्त काढायचं. काविळीत याचं महत्त्व दुप्पट आहे, कारण जे बिलिरुबिन अजून रक्तातच आहे ते फुकट बाहेर पडतं. जे कातडीत मुरलंय ते मुरलंय. यासाठी मृत्यूनंतर जितक्या लवकर बॉडी हातात येईल तितकं चांगलं. शीतपेटीत दोन दिवस पडून राहिली की लाल पेशी फुटतात आणि त्यांचा रंग आणखी पसरतो.

सूज नसेल तर औषधाआधी दोनेक लिटर कोमट सलाइन, त्यात थोडं सोडियम सायट्रेट टाकून, सोडून द्यावं आणि जुग्युलरमधून येणारं पाणी फिकट होईपर्यंत थांबावं. सुरुवातीला चहाच्या चोथ्यासारखं येतं, मग फिकट पिवळं. सूज असेल तर हे करू नका. चेहरा फुगतो आणि तो उतरत नाही. तिथे लिटरभरच, त्यात एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट टाकून, आणि शीर सतत उघडी ठेवून. पोट पाण्याने ताणलेलं असेल तर आधी थोडं पाणी ट्रोकारने (टोकदार पोकळ सळईने) खालच्या बाजूने काढा, नाहीतर त्याच्या दाबाने खालचं रक्त वर येतच नाही. सगळं काढायची घाई नको, ते शेवटी.

आता धड. उजव्या कॅरोटिडमध्ये कॅन्युला, म्हणजे औषधाची नळी, खालच्या दिशेने बसवायचा. डाव्या कॅरोटिडचं खालचं टोक बांधायचं. आणि दोन्हींची वरची, डोक्याकडची टोकं उघडी ठेवायची. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. तुम्ही अ‍ॅनाटॉमीचेच आहात, तुम्हाला चित्र डोळ्यासमोर येईल. धडाला दिलेलं जोरकस औषध हाताकडे जाणाऱ्या सबक्लेव्हियन धमनीतून मेंदूकडे चढणाऱ्या व्हर्टिब्रलमध्ये, तिथून मेंदूच्या तळाच्या धमन्यांच्या कड्यात, म्हणजे सर्कल ऑफ विलिसमध्ये, आणि उलटं इंटर्नल कॅरोटिडमध्ये उतरतं. कॅरोटिडची वरची टोकं बांधलीत तर ते चेहऱ्यात जाऊन बसतं आणि चेहरा वेगळा केल्याचा काही अर्थ उरत नाही. टोकं उघडी असली की ते तिथून टपटप बाहेर येतं. खाली किडनी ट्रे ठेवा.

धडासाठी माझं मिश्रण लिटरला ८० ते १०० मिली फॉर्मेलिन, सव्वाशे मिली मेथॅनॉल, ५० ते १०० मिली ग्लिसरीन आणि थोडं फिनॉल. किडनी गेलेली असेल तर फॉर्मेलिन १२० पर्यंत. साधारण बांध्याच्या माणसाला आठ-नऊ लिटर. पंप नसेल तर बाटली दीड मीटर उंच टांगली तरी पुरते, तेवढ्या उंचीचा दाब सुमारे ११० मिलीमीटर पारा होतो, म्हणजे माणसाच्या रोजच्या रक्तदाबाइतकाच. वॉर्डबॉय मामांना स्टूलवर चढून बाटली धरायला लावू नका. सलाइनचा स्टँड आणा.

चेहऱ्याचं औषध वेगळ्या बादलीत करायचं. लिटरला २५ ते ३० मिली फॉर्मेलिन, म्हणजे जेमतेम एक टक्का फॉर्माल्डिहाइड. तुमचं दहा टक्के फॉर्मेलिन म्हणजे सुमारे चार टक्के फॉर्माल्डिहाइड होतं, तुलना करून बघा. यात ५० मिली ग्लिसरीन. मग बोरॅक्स चिमूट चिमूट टाकत पीएच पट्टीवर सात ते साडेसातच्या मध्ये आणायचं. फॉर्मेलिन शक्यतो नव्या सीलबंद बाटलीतलं, कॅनमधलं नाही.

आणि ईओसिन. पॅथॉलॉजीत स्लाइड रंगवायला असतो तो, पाण्यात विरघळणारा. याने पिवळा रंग जात नाही, त्याच्यावर आतून गुलाबी पडदा येतो. दुसरा फायदा असा की औषध कुठे पोचलं ते डोळ्यांना दिसतं, कानाच्या पाळ्या आधी सांगतात. किती घालायचं याचं माप माझ्याकडे ग्रॅममध्ये नाही. बादलीतलं पाणी कोकम सरबतासारखं दिसलं तर जास्त झालं. गुलाबपाण्यात थेंबभर कुंकू पडल्यासारखं हवं. पांढऱ्या टीपकागदावर थेंब टाकून वाळू द्या आणि बघा. पुढच्या काही तासांत रंग गडद होतो, तेव्हा मनाला वाटतं त्यापेक्षा कमीच ठेवा. एकदा आमच्याकडे एका गृहस्थांचे गाल लग्नातल्या बँडवाल्यासारखे झाले होते, त्याबद्दल इथे एवढंच.

उशाला ठोकळा देऊन डोकं जरा उंच ठेवा. चेहऱ्यावर आधीच व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. आधी डावी बाजू, मग उजवी, दोन्ही मिळून लिटर-दीड लिटर पुरे. अगदी कमी दाबाने, मधेच थांबत. पापण्या फुगायला लागल्या की थांबायचं, मग बादलीत कितीही उरलेलं असो. डोळ्यांचा पिवळेपणा जात नाही, तो प्रयत्नच करू नका. पापणीखाली कापसाचा पातळ पापुद्रा ठेवून डोळे नीट मिटवा.

पोटातलं उरलेलं पाणी आणि पोकळ्यांमधलं जोरकस फॉर्मेलिन हे चार-सहा तासांनी. त्यात रंगाचा काही संबंध नाही, हवं तेवढं कडक द्या. फक्त ट्रोकारची नळी चेहऱ्याजवळून फिरवताना ठिबकू देऊ नका. चेहऱ्यावर फॉर्मेलिनच्या पट्ट्या ठेवायची जुन्या लोकांना सवय असते, ती या केसमध्ये साफ बंद.

हात, डोळे, नाक यांची काळजी. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकतो. त्यामुळे तुमची, तंत्रज्ञाची आणि मामांची, तिघांचीही लस झालेली असली पाहिजे, शून्य, एक आणि सहा महिने अशी तीन इंजेक्शनं. मामांची झालेली नसते, विचारून बघा. फॉर्माल्डिहाइडला आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, २००४ सालीच पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करणाऱ्या द्रव्यांत, टाकलं, तरी आपल्याकडे खिडकी आणि पंखा यालाच एक्झॉस्ट म्हणतात. निदान पंखा डोक्यावरचा नको, बाहेर फेकणारा हवा.

समजा एवढं करूनही, किंवा तुमच्यासारखं कळायच्या आधीच, हिरवं झालं. मग?

पहिलं, ते सडणं नाही याची स्वतः खात्री करा, म्हणजे घरच्यांना ठामपणे सांगता येईल. सडण्याचा हिरवा डाग पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात सुरू होतो, वास येतो, बोटाने दाबलं तर कातडी सरकते. पित्ताचा हिरवा चेहरा, मान, छाती यांवर सगळीकडे सारखा पसरलेला असतो, खालचं मांस घट्ट असतं, वास नसतो. तुमच्या वर्णनावरून तुमचा दुसरा प्रकार होता. घरच्यांना सांगायचं, 'कावीळ होती, औषधाने पिवळ्याचं हिरवं होतं. बॉडी चांगली आहे.' एवढं पुरतं. यापेक्षा जास्त रसायनशास्त्र त्या वेळी कुणाला नको असतं. हेच वाक्य एम्बामिंगच्या आधी, सही घेताना सांगितलं तर माहिती ठरतं. नंतर सांगितलं तर सबब ठरतं.

दुसरं, हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली उचलू नका. ब्लीच होईल असं वाटतं खरं, पण ते ऑक्सिडेशन करणारंच द्रव्य आहे, हिरव्याला खतपाणी. ब्लीचिंगचं पाणी तर अजिबात नाही, क्लोरीन आणि फॉर्मेलिन एका खोलीत एकत्र आणू नये.

मग राहतो मेकअप. हे मला कुठल्या डॉक्टरने शिकवलं नाही. दादरच्या एका नाट्यगृहात तीसेक वर्षं तोंडं रंगवलेल्या रंगभूषाकारांकडून शिकले. त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, 'बाई, कातडीच्या रंगाचं थापू नका, आधी उलटा रंग द्या.' हिरव्याच्या उलट लाल, पिवळ्याच्या उलट जांभळा. म्हणजे हिरवटपणावर विटकरी-लाल झाकेच्या स्टिकचा अगदी पातळ थर, बोटाने थोपटून. तो वाळला की त्यावर माणसाच्या रंगाचा. नुसता पिवळा असेल तर किंचित जांभळट. एकदम जाड थर दिलात तर चेहरा मातीच्या गणपतीसारखा दिसतो. एम्बाम केलेली कातडी थंड आणि कोरडी असते, तिच्यावर रंग पसरत नाही, म्हणून आधी क्रीम चोळून पुसून घ्यायचं. कानामागे, मानेच्या घडीत आणि नाकपुड्यांच्या कडेला हात फिरवायला विसरू नका, तिथला हिरवा डोकावतो.

आणि खोलीतला दिवा बदला. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली हिरवा चौपट दिसतो, पिवळसर बल्बखाली जवळजवळ नाहीसा होतो. शवागारातून बॉडी बघून नातेवाईक घाबरतात आणि घरी गेल्यावर फोन करून म्हणतात की आता बरे दिसतायत, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. कपड्यांचंही तसंच. सवाष्ण बाई असेल तर घरचे हिरवी साडी, हिरवा चुडा घालतात, मळवट भरतात. रीत आहे, तिच्यात आपण बोलायचं नाही. पण हिरव्या पदराची झाक गालावर पडते हे ठाऊक असू द्या आणि त्या बाईंना मेकअप करताना तांबूसपणा थोडा जास्त ठेवा. कपाळावरच्या लाल मळवटाने मात्र चेहरा खूप सावरतो.

एक गोष्ट विचारली नाहीत तरी सांगते. काविळीची बॉडी दिसली की एम्बामिंग करायलाच हवं असं नाही. अंत्यविधी दुसऱ्या दिवशी असेल, विमानाने पाठवायचं नसेल, तर चार अंशांच्या शीतपेटीत ठेवा आणि हात लावू नका. लोकांनी त्या माणसाला आजारपणात महिनाभर पिवळं बघितलेलं असतं. पिवळा त्यांच्या ओळखीचा असतो.

राहिले हात. वसईच्या त्या कुटुंबानंतर सातेक वर्षांनी त्याच भागातल्या एका आजींचं काम आलं, पुन्हा कावीळच. या वेळी मी सगळं रीतसर केलं. चेहरा इतका शांत आणि नीट की आमचे विभागप्रमुख मुद्दाम बघायला आले. मग घरच्यांनी रोझरी दिली आणि आजींच्या छातीवर जुळवलेल्या हातांत गुंफायला सांगितली. मी हात उचलले तर नखांपासून मनगटापर्यंत ऑलिव्हसारखे हिरवे. धडाचं जोरकस औषध सबक्लेव्हियनमधून सरळ हातांत गेलं होतं. नातीने शालीचा काठ ओढून मनगटं झाकली आणि फक्त बोटांची टोकं आणि रोझरीचा क्रूस बाहेर ठेवला.

तेव्हापासून धडाचं औषध सोडायच्या आधी मी दोन्ही दंडांना बीपीचा पट्टा बांधून १५० पर्यंत फुगवते. बाटलीचा दाब ११०, त्यामुळे खाली थेंब जात नाही. शेवटी पट्टा सोडायचा, कोपराच्या वर आतल्या बाजूने ब्रेकियल धमनी काढायची आणि चेहऱ्याच्या बादलीतलं उरलेलं गुलाबी औषध दोन्ही हातांना अडीचशे-तीनशे मिली द्यायचं. नखांखाली रंग आला की बंद.